सहकार्याची आनुवंशिक अट

शरीरात शिरलेल्या परक्या रेणूला नेमके चिकटून त्याला निष्प्रभ करणाऱ्या प्रथिनाला प्रतिपिंड म्हणतात, आणि ज्या रेणूमुळे हे प्रतिपिंड तयार होते त्याला प्रतिजन म्हणतात. प्रतिपिंडे तयार करण्याचे काम बी पेशी करतात. परंतु प्रतिजन जर प्रथिन असेल, तर बहुतेक वेळा बी पेशीला हे काम एकटीने करता येत नाही. तिला टी पेशीची मदत लागते, आणि ही मदत वाटेल त्या टी पेशीकडून वाटेल त्या बी पेशीला मिळत नाही. दोन्ही पेशींचे मूळ आनुवंशिकदृष्ट्या एका ठरावीक बाबतीत जुळलेले असावे लागते. ही अट १९७२ आणि १९७३ या दोन वर्षांत उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाली. प्रयोग अत्यंत काटेकोर होते व त्यांचे निष्कर्ष आजही टिकून आहेत, पण त्यांचा जो पहिला अर्थ लावला गेला तो टिकला नाही. अचूक प्रयोग आणि चुकीचा अर्थ हे दोन्ही एकाच ठिकाणी नांदू शकतात, एवढेच नव्हे तर तो चुकीचा अर्थ तपासता तपासताच खरा अर्थ हाती लागू शकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण विसाव्या शतकातील जीवशास्त्रात क्वचितच सापडेल.

टी आणि बी या दोन वेगळ्या पेशी आहेत ही कल्पनाच मुळात फार जुनी नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही अगदी सारख्या दिसतात: लहान, गोल, जवळजवळ सगळी जागा केंद्रकाने व्यापलेली. ब्रूस ग्लिक यांनी कोंबड्यांच्या शेपटीकडील भागात असणारी बर्सा नावाची पिशवी पिल्लांच्या शरीरातून काढून टाकली असता त्या कोंबड्यांना प्रतिपिंडे नीट तयार करता येत नाहीत, असे १९५६ मध्ये कुक्कुटपालनविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि प्रतिकारशास्त्रज्ञांचे त्याकडे काही वर्षे लक्षच गेले नाही. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी लंडनमध्ये नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस ही छातीतील ग्रंथी काढून टाकली, तेव्हा त्या उंदरांची प्रतिकारशक्ती खचली व ते परक्या उंदराची त्वचासुद्धा नाकारू शकले नाहीत. थायमसमध्ये परिपक्व होणाऱ्या त्या टी पेशी, आणि पक्ष्यांच्या बर्सामध्ये व सस्तन प्राण्यांच्या अस्थिमज्जेत घडणाऱ्या त्या बी पेशी, अशी नावे पुढे रूढ झाली. हेन्री क्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये दाखवले की क्ष-किरणांनी स्वतःच्या पेशी नष्ट केलेल्या उंदराला केवळ थायमसच्या पेशी दिल्या किंवा केवळ अस्थिमज्जेच्या पेशी दिल्या तर प्रतिपिंडे नगण्य तयार होतात, पण दोन्ही एकत्र दिल्या तर त्यांचे प्रमाण दोहोंच्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक भरते. मग १९६८ मध्ये मेलबर्न येथे ग्रॅहम मिचेल आणि मिलर यांनी सिद्ध केले की प्रत्यक्ष प्रतिपिंडे सोडणारी पेशी अस्थिमज्जेतूनच येते, थायमसची पेशी तिला फक्त साहाय्य करते.

या शेवटच्या प्रयोगातील एक तपशील पुढील कथेच्या दृष्टीने फार बोलका आहे. कोणती पेशी कोणत्या दात्याची हे ओळखण्यासाठी मिचेल आणि मिलर यांनी पेशींच्या पृष्ठभागावरील एच-२ नावाच्या प्रथिनांचा उपयोग केला होता. ही प्रथिने वाणागणिक वेगळी असल्यामुळे ती आयत्या ओळखपट्टीसारखी वापरता येत होती. ज्या रेणूंकडे त्या वेळी केवळ खूण म्हणून पाहिले गेले, तेच या सहकार्यातील मुख्य कर्ते आहेत अशी शंका तेव्हा येण्याचे कारण नव्हते. कारण हे प्रयोग एकाच वाणाच्या उंदरांत किंवा एक वाण आणि त्याचा संकर यांच्यात केलेले होते, आणि अशा मांडणीत आनुवंशिक अट आपोआपच पूर्ण होत असल्याने ती दिसतच नव्हती.

एच-२ म्हणजे काय, हे येथे सांगणे आवश्यक आहे. सख्ख्या भावंडांचा संकर सलग २० किंवा अधिक पिढ्या करत गेल्यास असा वाण तयार होतो की त्यातील सर्व उंदीर आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकसारखे असतात आणि एकमेकांची त्वचा किंवा गाठी सहज स्वीकारतात. दुसऱ्या वाणाच्या मात्र नाकारतात. हा स्वीकार-नकार ठरवणारी जनुके अनेक आहेत, पण त्यांतील एक समूह इतरांपेक्षा फार प्रबळ आहे. पीटर गोरर यांनी १९३६ मध्ये लंडनमध्ये त्याचा पहिला माग काढला आणि अमेरिकेत जॉर्ज स्नेल यांनी तो नीट वेगळा करून दाखवला. ऊतक म्हणजे एकसारख्या पेशींचा समुदाय. दोन प्राण्यांच्या ऊतकांचे एकमेकांशी जुळणे या जनुकांवर अवलंबून असल्यामुळे त्यांना ‘प्रमुख ऊतक-अनुरूपता संकुल’ असे म्हणतात. उंदरात हा समूह सतराव्या गुणसूत्रावर असून त्याला एच-२ म्हणतात. माणसात तो सहाव्या गुणसूत्रावर असून त्याला एचएलए हे नाव आहे. परंतु निसर्गात कोणीही कोणावर त्वचारोपण करत नाही, मग इतकी विविध रूपे असलेली ही जनुके शरीरात नेमके कोणते काम करतात, हा प्रश्न तीन दशके तसाच पडून होता.

टी व बी पेशी काय पाहतात, याचा शोध वेगळ्या वाटेने चालला होता. डायनायट्रोफिनॉलसारखा लहानसा रासायनिक रेणू एकटा टोचला तर प्रतिपिंडे निर्माण होत नाहीत, पण तोच एखाद्या प्रथिनाला जोडून टोचला तर त्या लहान रेणूविरुद्धही उत्तम प्रतिपिंडे तयार होतात. अशा लहान रेणूला हॅप्टेन आणि ज्यावर तो बसवला जातो त्या प्रथिनाला वाहक म्हणतात. लंडनमधील एव्हरिअन मिचिसन यांनी दाखवले की एका वाहकावर बसवलेल्या हॅप्टेनला सरावलेल्या पेशी दुसऱ्या वाहकावरील त्याच हॅप्टेनला नीट प्रतिसाद देत नाहीत. मात्र त्या दुसऱ्या वाहकाला आधीच सरावलेल्या उंदराच्या पेशी सोबत दिल्या तर प्रतिसाद पूर्ववत होतो. याचा अर्थ असा, की हॅप्टेन ओळखणारी पेशी वेगळी व वाहक ओळखणारी वेगळी. पहिली बी आणि दुसरी टी. त्यातही एक निर्णायक अट अशी होती की हॅप्टेन आणि वाहक एकमेकांना रासायनिक बंधाने जोडलेले हवेत, नुसते एकत्र मिसळून भागत नाही. (मिचिसन हे जे. बी. एस. हॉल्डेन यांचे भाचे, आणि गोरर यांनी आनुवंशिकीचे धडे घेतले तेही हॉल्डेन यांच्याकडेच. आयुष्याची अखेरची वर्षे भारतीय नागरिक म्हणून घालवून १९६४ मध्ये भुवनेश्वरला निधन पावलेल्या या शास्त्रज्ञाच्या परिवारातून या कथेचे दोन्ही धागे निघालेले आहेत, ही गोष्ट भारतीय वाचकाने अवश्य लक्षात ठेवावी.)

या निष्कर्षांवरून एक सुटसुटीत चित्र उभे राहिले. अखंड प्रतिजन हा जणू पूल आहे. त्याच्या एका टोकाला हॅप्टेनवर बी पेशी बसते, दुसऱ्या टोकाला वाहकावर टी पेशी बसते, आणि अशा रीतीने जवळ आलेल्या टी पेशीकडून बी पेशीला उत्तेजन मिळते. हे चित्र बहुतेकांना पटले होते आणि त्यात उंदरांच्या वाणाला कसलेही महत्त्व असण्याचे कारण नव्हते. मात्र या चित्राशी न जुळणारा एक पुरावा १९५९ पासून उपलब्ध होता. फिलिप गेल आणि बारूख बेनासेराफ यांनी गिनी पिगमध्ये पाहिले होते की प्रतिपिंडे मूळ घडीचे प्रथिन आणि उष्णतेने किंवा रसायनाने घडी मोडलेले प्रथिन यांत स्पष्ट फरक करतात, पण ज्या त्वचा-प्रतिक्रिया टी पेशींमुळे घडतात असे पुढे कळले, त्यांना असा फरक जवळपास कळत नाही. टी पेशीला प्रथिनाची घडी दिसतच नसेल, तर ती अखंड प्रतिजनाला बी पेशीप्रमाणे कशी पकडत असेल, हा प्रश्न तेव्हाच विचारता आला असता.

बेनासेराफ यांच्याच गिनी पिगनी दुसरा धागा पुरवला. हॅप्टेन जोडलेले पॉली-लायसिन, म्हणजे लायसिन या एकाच अमिनो आम्लाची लांब साखळी, टोचली असता काही गिनी पिग जोरदार प्रतिसाद देत व काही मुळीच देत नसत, आणि हा फरक एका प्रभावी जनुकाप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या उतरत असे. अशा जनुकांना प्रतिसाद-जनुके म्हटले गेले. प्रतिसाद न देणाऱ्या गिनी पिगच्या बी पेशी मात्र निर्दोष होत्या. कारण तोच पदार्थ अल्ब्युमिनसारख्या दुसऱ्या प्रथिनावर बसवून दिला की तेच प्राणी त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करत. दोष वाहक ओळखण्याच्या कामात होता. ह्यू मॅकडेविट यांनी उंदरांत कृत्रिम प्रथिनांवर असेच काम केले आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस असे निष्पन्न झाले की ही प्रतिसाद-जनुके एच-२ च्या आतच आहेत. प्रत्यारोपण नाकारणारी जनुके आणि प्रथिनाला प्रतिसाद ठरवणारी जनुके एकाच गुणसूत्राच्या एकाच लहानशा पट्ट्यात सापडावीत, हा योगायोग मानायला फारसे कोणी तयार नव्हते. तरी त्यांतील संबंध कोणालाच सांगता येत नव्हता.

अशा वेळी, १९७२ मध्ये, बेरेनिस किंड्रेड आणि डोनाल्ड श्रेफ्लर यांनी केस नसलेल्या आणि जन्मतःच थायमस नसलेल्या उंदरांवर एक साधा प्रयोग केला. या उंदरांत बी पेशी असतात, टी पेशी जवळजवळ नसतात, त्यामुळे मेंढीच्या रक्तपेशींसारख्या प्रतिजनाला त्यांचा प्रतिसाद क्षीण असतो. त्यांना बाहेरून थायमसच्या पेशी दिल्या असता, दात्याचे एच-२ जुळत असेल तरच प्रतिपिंडे तयार झाली. एच-२ वेगळे असेल तर झाली नाहीत. निष्कर्ष स्पष्ट वाटला, तरी आक्षेपाला जागा होती. परक्या एच-२ च्या पेशी यजमानाच्या शरीरात तगल्याच नसतील, किंवा यजमान आणि पाहुण्या पेशी एकमेकांवर हल्ला करण्यात गुंतल्या असतील, तर सहकार्य न होण्याचे कारण अगदीच किरकोळ ठरले असते.

हा आक्षेप दूर करणे अवघड होते, आणि त्याचे कारण समजून घेतले की पुढील प्रयोगाचे मोल कळते. परक्या टी पेशींची एक विचित्र खोडी डेव्हिड कॅट्झ व बेनासेराफ यांच्या गटाला आधीच माहीत झाली होती. एका वाणाच्या टी पेशी दुसऱ्या वाणाच्या शरीरात सोडल्या की त्या तेथील पेशींना परके समजून खवळतात, आणि त्या गोंधळात आजूबाजूच्या बी पेशींना प्रतिजनाच्या ओळखीशिवायच उत्तेजन देतात. म्हणजे दोन वाणांच्या पेशी नुसत्या एकत्र केल्या तर हल्ल्यामुळे प्रतिसाद मारला जाण्याची शक्यता एकीकडे, तर खोटा प्रतिसाद मिळण्याची शक्यता दुसरीकडे. खऱ्या, रोजच्या सहकार्याचे मोजमाप करायचे तर हे दोन्ही टाळणे भाग होते.

१९७३ मध्ये हार्वर्ड येथे कॅट्झ, तोशियुकी हामाओका आणि बेनासेराफ यांनी यावर जो तोडगा काढला तो संकरित उंदरांचा. दोन शुद्ध वाण, त्यांना क आणि ख म्हणू, यांच्या पहिल्या पिढीच्या संकरात दोन्ही पालकांची एच-२ प्रथिने असतात, त्यामुळे त्याचे शरीर क किंवा ख यांपैकी कोणाच्याही पेशींना परके मानत नाही. या संकरित उंदराला यजमान केले. क वाणाच्या उंदरांना आधी वाहक प्रथिन टोचून त्यांच्या टी पेशी सरावलेल्या होत्या; त्या यजमानात सोडल्या. उलट बाजूने, या पेशी यजमानाच्या ऊतकांवर चालून जाऊ नयेत म्हणून थोड्याच अवधीत त्यांच्यावर प्रारणांचा मारा केला गेला. वाहकाला सरावलेल्या टी पेशीची वाढ प्रारणाने खुंटते, मात्र तिची मदत करण्याची क्षमता टिकून राहते, या गुणधर्माचा हा अत्यंत कुशल उपयोग होता. त्यानंतर हॅप्टेनला सरावलेल्या बी पेशी, त्यांतील टी पेशी विशिष्ट प्रतिपिंडांनी आधीच नष्ट करून, यजमानाला दिल्या, आणि शेवटी हॅप्टेन व वाहक यांचा जोड टोचला.

फलित असे आले. क च्या टी पेशींनी क च्या बी पेशींना मदत केली, ख च्या बी पेशींना केली नाही. ख च्या टी पेशींचे वर्तन याच्या नेमके उलट होते. मात्र टी पेशी संकरित उंदराच्या असतील तर त्यांनी क आणि ख दोहोंच्याही बी पेशींना सारखीच मदत केली. हे तिसरे निरीक्षण सर्वांत महत्त्वाचे म्हणावे लागेल, कारण त्यातून सिद्ध झाले की टी व बी पेशी पूर्णपणे एकसारख्या असण्याची गरज नाही. त्यांच्यात एका बाजूचे एच-२ समान असले की पुरते. त्यानंतर त्याच वर्षी, बाकीची जनुके भिन्न पण एच-२ सारखे, आणि बाकीची जनुके सारखी पण एच-२ भिन्न, अशा खास पैदास केलेल्या वाणांच्या साहाय्याने दाखवण्यात आले की सहकार्य एच-२ वरच ठरते. पुढे दोन वर्षांत हा शोध एच-२ मधील ज्या उपविभागापर्यंत पोहोचला, तो नेमका प्रतिसाद-जनुके असलेला उपविभाग निघाला.

याच सुमारास इतर प्रयोगशाळांतूनही असेच निष्कर्ष आले. अ‍ॅलन रोझेंथाल आणि एथन शेवॅक यांनी गिनी पिगच्या टी पेशी व परके पदार्थ गिळणाऱ्या भक्षक पेशी यांच्यात हीच अट पाहिली. कॅनबेरामध्ये रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ मध्ये दाखवले की विषाणूबाधित पेशींना मारणाऱ्या टी पेशी केवळ आपल्याच एच-२ च्या बाधित पेशी मारतात. या कामासाठी त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बेनासेराफ यांना ते स्नेल आणि झां डोसे यांच्यासोबत १९८० मध्येच मिळाले होते.

आता अर्थाचा प्रश्न. कॅट्झ आणि बेनासेराफ यांनी मांडलेली कल्पना सरळ होती: टी पेशीच्या पृष्ठभागावर काही संपर्क-रेणू आहेत, बी पेशीच्या पृष्ठभागावर तसेच रेणू आहेत, हे रेणू एच-२ मधून येतात, आणि दोन्हींवरचे रेणू एकसारखे असले तरच त्या एकमेकींना जुळतात. म्हणजे प्रतिजनाची ओळख हे एक काम आणि नात्याची खातरजमा हे दुसरे, स्वतंत्र काम. ही कल्पना आकर्षक होती आणि हाती असलेल्या सर्व निरीक्षणांना लागू पडत होती. तिच्यातून एक भाकीत मात्र अटळपणे निघत होते: क वाणाच्या टी पेशीच्या अंगावर नेहमी क चेच रेणू असणार, कारण जनुके बदलत नाहीत, म्हणून ती कोठेही वाढली तरी तिने ख च्या बी पेशीला कधीही मदत करता कामा नये.

हे भाकीत तपासण्यासाठी मिश्र-प्राणी वापरले गेले. प्रारणाने रिकाम्या केलेल्या उंदराच्या शरीरात क आणि ख अशा दोन्ही वाणांच्या अस्थिमज्जेचे मिश्रण भरले की त्यात दोन्ही वाणांच्या पेशी शेजारी शेजारी वाढतात आणि एकमेकींना परके मानणे सोडतात. हॅराल्ड फॉन बोमर, एल. हडसन आणि जोनाथन स्प्रेंट यांनी १९७५ मध्ये अशा उंदरांतील एका वाणाच्या टी पेशी वेगळ्या करून पाहिल्या, तेव्हा त्यांनी दुसऱ्या वाणाच्या बी पेशींनाही मदत केली. जनुके तीच, पेशी तीच, तरी अट बदलली. त्याच्या उलट टोकाचा प्रयोग १९७८ च्या सुमारास झाला: संकरित उंदराची अस्थिमज्जा क वाणाच्या प्रारणित शरीरात वाढवली, तर तेथे घडलेल्या टी पेशी क आणि ख या दोहोंची जनुके बाळगत असूनही प्राधान्याने क च्याच बी पेशींना मदत करू लागल्या. मायकेल बेव्हन, झिंकरनागेल आणि इतरांच्या कामातून दिसले की हे वळण टी पेशीला थायमसमध्ये लागते. तेथील ऊतकांवर जे एच-२ रेणू असतात, त्यांच्या संदर्भातच तिची निवड होते.

यातून निघणारा अर्थ मूळ कल्पनेपेक्षा मूलतः वेगळा आहे. टी पेशी आपले स्वतःचे एच-२ समोरच्या पेशीच्या एच-२ शी ताडून पाहत नाही. ती आपल्या ग्राहक-रेणूने, म्हणजे प्रतिजन ओळखणाऱ्या पृष्ठभागावरील रेणूने, समोरच्या पेशीचा एच-२ रेणू पाहते, आणि त्या रेणूसोबतच प्रतिजनाचा अंश पाहते. सहकार्याची अट ही दोन पेशींच्या नात्याची अट नव्हती. ती टी पेशीच्या दृष्टीची अट होती. स्प्रेंट यांनी दाखवून दिले की संकरित उंदराच्या टी पेशी क आणि ख या दोहोंना मदत करतात असे जे दिसते, ते खरे तर दोन वेगवेगळ्या गटांचे काम आहे, एक गट प्रतिजन क च्या सोबत ओळखणारा व दुसरा ख च्या सोबत ओळखणारा. क वाणाच्या शरीरातून प्रतिजनासह फिरवून आणलेल्या संकरित टी पेशी फक्त क च्या बी पेशींनाच मदत करतात.

त्यानंतरची काही वर्षे, बी पेशीचे एच-२ खरोखर जुळावे लागते की केवळ मध्यस्थ भक्षक पेशीचे जुळले तरी चालते, या वादात गेली. दोन्ही बाजूंना प्रायोगिक आधार होता. आधीच उत्तेजित झालेल्या बी पेशींना टी पेशींनी सोडलेल्या विद्राव्य रेणूंची मदत दुरूनही मिळू शकते, आणि विश्रांत अवस्थेतील बी पेशीला मात्र प्रत्यक्ष, जुळणारी भेटच लागते, हे कळल्यावर वादाची धार गेली.

पण ‘प्रतिजनाचा अंश’ म्हणजे काय आणि तो बी पेशीच्या अंगावर येतो कसा, हे उकलल्याशिवाय चित्र पूर्ण होणार नव्हते. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात एमिल उनान्वे, हॉवर्ड ग्रे आणि इतरांनी दाखवले की भक्षक पेशी प्रथिन गिळते, आत त्याचे तुकडे करते आणि मगच टी पेशीला ते दिसते. आणि १९८५ मध्ये प्रथिनाचा छोटा तुकडा एच-२ रेणूला प्रत्यक्ष चिकटतो हेही सिद्ध झाले. त्याच वर्षी बाझेल येथे अंतोनियो लान्झाव्हेक्किया यांनी माणसाच्या बी पेशींवर केलेला प्रयोग निर्णायक ठरला. धनुर्वाताच्या जीवविषाचे निर्विष रूप ओळखणाऱ्या बी पेशी त्यांनी घेतल्या आणि दाखवले की ही पेशी आपल्या पृष्ठभागावरील प्रतिपिंडाने ते प्रथिन पकडते, आत ओढते, त्याचे तुकडे करते, ते तुकडे एचएलए रेणूंत बसवून पृष्ठभागावर मांडते, आणि त्या मांडणीला टी पेशी प्रतिसाद देते. ज्या बी पेशीला ते प्रथिन ओळखता येत नाही, तिच्या तुलनेत हे काम ती हजारो पट कमी प्रथिनात करू शकते.

येथे मिचिसन यांचे कोडे सुटते. टी आणि बी पेशी अखंड प्रतिजनाच्या पुलावर भेटतच नाहीत. बी पेशी हॅप्टेन पकडते, पण हॅप्टेन वाहकाला घट्ट जोडलेला असल्यामुळे त्याच्यासोबत वाहकही आत जातो. वाहकाचे तुकडे एच-२ च्या खोबणीत बसून बाहेर येतात आणि टी पेशी ते तुकडे ओळखते. जोड रासायनिक हवा, मिश्रण चालत नाही, याचे कारण हेच. गेल आणि बेनासेराफ यांच्या गिनी पिगना प्रथिनाची घडी का दिसली नाही, हेही आता स्पष्ट होते. टी पेशीपर्यंत घडी पोहोचतच नाही, तुकडेच पोहोचतात. आणि प्रतिसाद-जनुके म्हणजे दुसरे काही नसून त्या खोबणीचा आकार ठरवणारी जनुके होत. पामेला ब्यॉर्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये पहिल्या वर्गाच्या मानवी एचएलए रेणूची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली, तेव्हा ती खोबण डोळ्यांनी पाहता आली. बी पेशीच्या सहकार्यात भाग घेणाऱ्या दुसऱ्या वर्गाच्या रेणूची रचना १९९३ मध्ये हाती आली. माणसामाणसांत फरक पडतो तो बहुतांशी या खोबणीच्या तळाशी आणि भिंतींवर. ज्या प्राण्याच्या खोबणीत पॉली-लायसिनचा तुकडा बसत नाही, त्याच्या टी पेशींना पॉली-लायसिन दिसतच नाही, मग त्याच्या बी पेशी कितीही सक्षम असोत.

टी पेशीने तुकडा ओळखल्यावर प्रत्यक्ष मदत कशी होते, हे त्या मानाने थोडक्यात सांगता येते. ती आपल्या पृष्ठभागावर एक रेणू आणते, तो बी पेशीवरील सीडी-४० या ग्राहकाला जुळतो, आणि सोबत काही संदेशवाहक प्रथिने नेमक्या त्या बी पेशीच्या दिशेने सोडली जातात. त्यामुळे बी पेशी विभागू लागते, प्रतिपिंडाचा प्रकार बदलते आणि अधिक घट्ट चिकटणारी प्रतिपिंडे निवडण्याच्या प्रक्रियेत उतरते. टी पेशीवरील हा रेणू जन्मतः सदोष असलेल्या मुलांत बी पेशी असूनही प्रतिपिंडे पहिल्या, प्राथमिक प्रकारातच अडकून राहतात. ज्या मुलांच्या पेशींवर दुसऱ्या वर्गाचे एचएलए रेणूच येत नाहीत, त्यांच्या शरीरात टी पेशी आणि बी पेशी दोन्ही असतात, पण एकमेकींना कामाच्या नसतात. उंदरांच्या प्रयोगांत जी अट कृत्रिमरीत्या मोडावी लागली, ती येथे निसर्गानेच मोडलेली आहे.

सामान्य माणसांतही या अटीच्या खुणा दिसतात. हिपॅटायटिस-बी ची लस पूर्ण मात्रेत घेऊनही सुमारे ५ ते १० टक्के निरोगी प्रौढांत पुरेशी प्रतिपिंडे तयार होत नाहीत, आणि अशा व्यक्तींत काही एचएलए प्रकारांचे प्रमाण अधिक आढळते. गव्हातील ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिॲक आजाराचे उदाहरण त्याहून विलक्षण आहे. या आजाराच्या जवळजवळ सर्व रुग्णांत डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ हे एचएलए प्रकार असतात, आणि त्यांच्या रक्तात स्वतःच्याच शरीरातील ट्रान्सग्लुटामिनेज या विकराविरुद्ध प्रतिपिंडे असतात. पण आहारातून गहू काढला की ही प्रतिपिंडे ओसरतात. स्वतःच्या विकराविरुद्धची प्रतिपिंडे गव्हावर का अवलंबून असावीत? याचे सर्वमान्य होत गेलेले स्पष्टीकरण असे की हा विकर ग्लुटेनच्या तुकड्यांना स्वतःशी जोडून घेतो. विकर ओळखणारी बी पेशी ही जोडी आत ओढते, आणि डीक्यू रेणूवर ग्लुटेनचा तुकडा मांडून ग्लुटेन ओळखणाऱ्या टी पेशीकडून मदत मिळवते. येथे शरीराचा विकर हॅप्टेनच्या जागी आहे आणि गहू वाहकाच्या.

या सर्व ज्ञानाचा सर्वांत मोठा लाभ लहान मुलांना झाला आहे. न्यूमोनिया आणि मेंदूज्वर घडवणाऱ्या अनेक जिवाणूंभोवती शर्करेच्या लांब साखळ्यांचे कवच असते. एचएलएच्या खोबणीत प्रथिनाचे तुकडे बसतात, अशी शर्करा बसत नाही. त्यामुळे शर्करा ओळखणाऱ्या बी पेशीला टी पेशीची मदत मिळत नाही, आणि २ वर्षांखालील बालकांच्या बी पेशी मदतीवाचून अशा शर्करेला जवळजवळ प्रतिसादच देत नाहीत. नुसत्या शर्करेची लस म्हणूनच त्या वयात निरुपयोगी ठरते. पण तीच शर्करा एखाद्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडली, की बी पेशी शर्करेसोबत प्रथिनही आत घेते आणि प्रथिनाच्या तुकड्यांच्या आधारे टी पेशीला बोलावते. अशा लसींना संयुग्मी लसी म्हणतात. भारतातील बाळांना दिल्या जाणाऱ्या पंचगुणी लसीतील हिब या जिवाणूविरुद्धचा घटक या प्रकारचा आहे, आणि नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी हाती घेतलेल्या विषमज्वरविरोधी मोहिमेतील लसही याच प्रकारची होती.

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात अ गटाच्या मेंदूज्वराच्या साथी वारंवार येत. १९९६-९७ च्या एकाच साथीत अडीच लाखांवर माणसे आजारी पडली आणि सुमारे २५ हजार दगावली. या पट्ट्यासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांच्या प्रकल्पातून एक स्वस्त संयुग्मी लस तयार झाली, तिचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केले, आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो येथे १ ते २९ वर्षे वयाच्या लोकांना ती देण्यास सुरुवात झाली. त्या पट्ट्यातून अ गटाचा मेंदूज्वर त्यानंतर जवळजवळ नाहीसा झाला आहे. या लसीत जिवाणूच्या कवचाची शर्करा ज्या वाहकाला जोडलेली आहे, तो धनुर्वाताच्या जीवविषाचे निर्विष रूप आहे; लान्झाव्हेक्किया यांनी १९८५ मध्ये बाझेलच्या प्रयोगशाळेत वापरलेले प्रथिन तेच होते.